दिलेली ओळ

एस्तेरने ओळ द्यायला तोंड उघडलं आणि लोक तिच्या आधीच गायला लागले.

एवढंच झालं. कुणाच्या लक्षातही आलं नसेल. ट्रेंटनच्या त्या विटांच्या चर्चमध्ये त्या रविवारी नवा पडदा लागला होता, तिच्या पाठीमागे, भिंतभर, आणि त्यावर गाण्याचे शब्द पांढऱ्याशुभ्र अक्षरांत उमटत होते. ती पुढे उभी असल्यामुळे तिला पडदा दिसत नव्हता. तिला दिसत होते ते चेहरे, आणि ते सगळे तिच्या डोक्याच्या हातभर वर बघत होते. आपल्या मागे कुणी येऊन उभं राहिलंय की काय, असं वाटून तिने मान वळवली. कुणी नव्हतं. ओळ देण्यासाठी उचललेला उजवा हात तसाच हवेत राहिला होता. तो एकदम खाली आणणं बरं दिसेना, म्हणून तिने त्या हाताने चष्मा सारखा केला आणि बाकीच्यांबरोबर तीही गायली, गर्दीतल्या कुणाही एकीसारखी. गाणं लवकर संपलं.

घरी येऊन तिने कुकर लावला, वरणाला फोडणी दिली. वेस्ट विंडसरच्या त्या मोठ्या स्वयंपाकघरात लेक आणि जावई आपापल्या लॅपटॉपवर होते. सांगायचं काय, हेच तिला कळेना. पडदा लावला. बरं मग? चांगला आहे पडदा. म्हाताऱ्यांनासुद्धा लांबून वाचता येतं.

ओळ देणं ही जुनी रीत. पुढे उभ्या माणसाने गाण्याची एक ओळ भरभर, बोलल्यासारखी म्हणायची आणि समोरच्यांनी ती उचलून संथ, लांबवत, वळणं घेत गायची. ती गाऊन होते न होते तोच पुढची ओळ द्यायची. पुस्तकं नव्हती, असती तरी वाचता येत नव्हती, तेव्हाची ही रीत. काळ्या लोकांच्या या चर्चमध्ये ती होती आणि शेवगाव तालुक्यातल्या करंजवाडीच्या मिशनच्या देवळातही होती. दोन्हीकडच्या लोकांना एकमेकांचा पत्ता नसताना. करंजवाडीत ओळ देत असे तो तिचा बाप, वैरागर मास्तर. मास्तर म्हणजे शाळेचा मास्तर आणि उपासना चालवणाराही तोच. शहाबादी फरशीवर गोणपाट टाकलेलं, डावीकडे बाया, उजवीकडे बापे, कोपऱ्यात एकतारी आणि झांजा. बाप उभा राही आणि छातीतून नव्हे तर नाकाच्या मुळातून ओळ फेकत असे, पेरणीचं बी फेकल्यासारखी. मग क्षणभर काहीच नसे. त्या क्षणाला एस्तेर लहानपणापासून भीत असे. आता कुणीच घेणार नाही, बाप एकटा उभा राहील, असं तिला प्रत्येक ओळीला वाटे. आणि मग बायांच्या बाजूने सगुणाआत्याचा आवाज निघे, त्याच्यामागून सगळ्यांचा. देव आहे की नाही हे तिला त्या मधल्या क्षणात कधीच माहीत नसे. ओळ परत आली की माहीत असे. पुढच्या ओळीपर्यंत.

म्हातारपणीही तिची श्रद्धा याच्या पलीकडे गेली नव्हती. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. चर्चमध्ये लोक तिला मदर एस्तेर म्हणत, हात हातात घेऊन आजारपणं सांगत, आमच्यासाठी प्रार्थना कर म्हणत. ती करत असे. पण एकटीने केलेली प्रार्थना तिला नेहमी फोनची रिंग ऐकत बसल्यासारखी वाटे.

मंगळवारी चर्चमधल्या ओडेसाबाई गेल्या. फोन लेकीने, इलाने घेतला आणि आईकडे नुसतं बघितलं. नव्वदी ओलांडलेली बाई, कधीतरी जाणारच होती. तरी एस्तेरने हातातली कोथिंबीर निवडून संपवली, देठ वेगळे केले, पानं डब्यात भरली, आणि मगच ती बसली. महिन्यापूर्वी ओडेसाबाईंनी तिचं मनगट धरून सांगितलं होतं. बोटं नुसती काड्या झाली होती, पण पकड तीच, चादरींची ओझी उचलणारी. "बेबी, मला वाचून पुरू देऊ नकोस. तो पास्टर पोरगा पडदा आणतोय. चांगला पोरगा आहे, पण पडदा आणतोय. मला गाऊन पुरायचं. तू ओळ द्यायचीस." एस्तेर म्हणाली होती, "देईन." "शब्द दे." "दिला." मग ओडेसाबाई हसल्या होत्या. "आणि घाई करू नकोस. मला कुठे जायची घाई नाही."

ओडेसाबाई भेटल्या त्या हॉस्पिटलच्या तळघरात. एस्तेर तेव्हा नुकतीच परदेशी आलेली नर्स, पांढऱ्या मोज्यांत पाय गारठलेले, बोलणं कुणाचं धड समजत नाही. तळघरात धुतलेल्या चादरी घ्यायला गेली असताना ती स्वतःशीच बापाची एक ओळ म्हणाली. मराठीत, हळू, सवयीने. पलीकडे घड्या घालत बसलेल्या एका धिप्पाड बाईने मान वर न करता ती ओळ उचलली. शब्द तिला कळणं शक्यच नव्हतं. तिने नुसता सूर घेतला, तो लांबवला, मध्ये मोडला, खाली नेला आणि परत आणून ठेवला, जसा सगुणाआत्या आणून ठेवत असे. एस्तेर चादरींचा गठ्ठा छातीशी धरून तिथेच रडली. बाई म्हणाली, "रडतेस कशाला? पुढची दे." त्या रविवारी ती एस्तेरला या चर्चमध्ये घेऊन आली, आणि वर्षभरात एस्तेर पुढे उभी राहून ओळ देऊ लागली. काही जणांनी नाकं मुरडली. ही कोण, साडी नेसलेली? ओडेसाबाई तिसऱ्या बाकावरून सगळ्यांच्या आधी ओळ उचलत. त्यांनी उचलली की बाकीच्यांना उचलावीच लागे.

पुढे ती क्लबांतही गायली, सोल गायली, काळ्या लोकांची ती प्रेम-विरहाची गाणी. ओडेसाबाईंच्या भावाचा बँड होता, त्याला गाणारी हवी होती. हिरवा सॅटिनचा झगा, हातात माइक, मागे तीन पोरी. लोकांना वाटे, हे काहीतरी वेगळंच, हिंदुस्थानातली बाई आणि सोल. तिला मात्र काही वेगळं वाटलं नाही. तिने ओळ टाकायची आणि मागच्या तिघींनी ती घ्यायची. देवाच्या जागी एखादा सोडून गेलेला पुरुष घातला की झालं, बाकी सगळं करंजवाडीचंच. पेपरात फोटो आला तेव्हा मराठी मंडळातल्या एका काकूंनी विचारलं होतं, "अगं, तू तिकडे जातेस, भीती नाही वाटत?" त्याच काकू पुढे दिवाळीच्या कार्यक्रमात म्हणाल्या, "एक भजन म्हण ना, तुमच्यातलं." "तुमच्यातलं" हा शब्द त्यांनी फार जपून, दोन बोटांनी उचलल्यासारखा उचलला होता. एस्तेरने ते म्हटलं होतं. टाळ्या पडल्या. ओळ कुणी घेतली नाही. टाळ्या वाजवणं वेगळं.

बापाला क्लबचं कळलं तेव्हा ती महिनाभर धास्तावली होती. मग नगरहून ट्रंककॉल आला, मिशनच्या बंगल्यावरून केलेला. खरखरीतून बाप ओरडून बोलत होता. काय गातेस, कुठे गातेस, अंगावर काय घालतेस, यातलं काहीच त्याने विचारलं नाही. त्याने विचारलं, "समोरचे ओळ घेतात का?" ती म्हणाली, "घेतात." "मग ठीक," बाप म्हणाला, आणि फोन कटला. बोलणं तेवढंच. तो पुढच्याच वर्षी गेला आणि ती पोहोचेपर्यंत माती झालेली होती. त्या मातीला ओळ कुणी दिली हे तिने गावात विचारलं नाही. विचारायचं धैर्य झालं नाही.

बुधवारी पास्टर मार्कस घरी आला. चाळिशीही न गाठलेला, उंच, बोलायला मऊ. तिने चहा केला, आलं घालून. त्याने कप दोन्ही हातांत धरला आणि म्हणाला, "मदर एस्तेर, तुमचा सोलो ठेवलाय. अगदी मध्यावर. अटलांटाचे नातेवाईक ऑनलाइन बघणार आहेत, त्यांनी खास सांगितलंय."

"सोलो नाही. मी ओळ देणार."

त्याने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "ओळ घेणार कोण?"

त्याने हे टोचून विचारलं नव्हतं. म्हणूनच ते जास्त लागलं. तिने मनात बाकांवरून नजर फिरवली. ब्रदर लुईस गेले. त्या दोघी बहिणी फ्लोरिडाला, एकीच्या लेकाकडे. चर्चचा कारभार बघणाऱ्या म्हाताऱ्या डीकनना ऐकू येत नाही. आणि तिसरा बाक.

"लोक शिकतील," ती म्हणाली.

"मयताच्या वेळी?" तो किंचित हसला आणि लगेच हसू आवरलं. "माझी खापरपणजी गुलाम होती, तिला वाचायची बंदी होती, मदर. हातात अक्षर सापडलं तर फटके. मी तो पडदा लावला तेव्हा मागे जाऊन एकटा बसलो होतो. अक्षरं शक्य तेवढी मोठी केली. तुम्हाला राग आलाय हे मला समजतं. पण मला त्या अक्षरांची लाज नाही वाटत."

तो गेल्यावर ती चहाच्या कपांसमोर बसून राहिली, कारण त्याने जे सांगितलं ते तिने आधीही पाहिलेलं होतं. करंजवाडीत बापाने दुपारची शाळा काढली होती, मोठ्या माणसांसाठी. बाजरी काढून आलेली माणसं पाटीवर धूळ बसेल अशा हातांनी अक्षरं गिरवत. दोन-तीन वर्षांत बरीच जण वाचू लागली. मग नगरहून गाण्यांची पुस्तकं आली, नवी कोरी, खळीचा वास येणारी. पुस्तकं आली त्या पहिल्या रविवारी बाप उभा राहिला, त्याने ओळ दिली, आणि एकाही माणसाने वर पाहिलं नाही. सगळ्यांची डोकी पुस्तकात. सगळे आपापलं बोट अक्षरांखाली सरकवत एकदम गात होते. सगुणाआत्यासुद्धा. एस्तेर तेव्हा दहा वर्षांची असेल. ती बापाकडे बघत होती. बाप हसत होता. निदान तिला तसं वाटलं होतं. पण घरी जाताना तो सगळ्यांच्या मागे, एकटा चालत होता आणि चालता चालता ओठ हलवत होता. ते हसणं होतं का, हे तिला आजतागायत ठरवता आलेलं नव्हतं. कधी वाटे, माणसाने स्वतःच्या हाताने स्वतःची गरज संपवली आणि त्याला आनंद झाला. कधी वाटे, आनंद झाल्याचं दाखवणं हे त्याचं शेवटचं ओळ देणं होतं, आणि ती ओळ फक्त तिला ऐकू आली, आणि तिनेही घेतली नाही.

शनिवारी सकाळी जावयाने गाडी काढली. राजीव नागपूरचा. गाडीत शांतता झाली की ती भरून काढणं हे आपलं काम आहे, असं त्याला वाटे. "आई, टेन्शन घेऊ नका यार. सॉरी, यार नाही." आरशातून त्याने तिच्याकडे पाहिलं. "आमच्याकडे नागपूरला आरतीचे शब्द कुणालाच येत नव्हते. मधलं सगळं गुळमुळीत. शेवटचा शब्द मात्र असा ओरडायचे की पार चौकात ऐकू जायचं. आता इथे मंडळात प्रत्येकाच्या हातात फोन. उच्चार एकदम परफेक्ट. पण मजा कॅन्सल झाली."

"राजीव, नॉट हेल्पिंग," इला म्हणाली. ती पुढच्या सीटवरून मागे वळली. पन्नाशीला आलेली लेक, केसांत पांढऱ्या बटा, आणि तरी रागावली की तिची हनुवटी चर्चच्या बाकावर कंटाळून बसलेल्या पोरीची होई. "आई, प्लीज. सोलो म्हण. यू आर अमेझिंग. सगळे रडतील, सगळ्यांना बरं वाटेल. ओळ दिलीस आणि कुणीच रिस्पॉन्ड नाही केलं तर? कॅमेरा आहे तिथे. आय कान्ट वॉच दॅट."

"नको बघूस."

"तुला ऑडियन्स नकोच असतो. तुला वर्ग पाहिजे असतो. आजोबांसारखा."

"तू आजोबांना पाहिलं तरी होतंस का?"

"तुझ्यात रोज बघते."

राजीवने रेडिओ लावला आणि लगेच बंद केला. रूट वनवरची दुकानं मागे जात होती, गाद्यांची, टायरांची, पुन्हा गाद्यांची. एस्तेरने मनात ओळ म्हणून पाहिली. ओळ ठीक होती. तिच्यानंतरचा तो क्षण मात्र काही केल्या संपेना. गाडी थांबली तरी तो चालूच होता.

चर्च भरलं होतं. शवपेटी पुढे, पांढऱ्या फुलांखाली. तरुण माणसं पुष्कळ, नातवंडं-पतवंडं, सगळी टापटीप, रुमालाने डोळ्यांच्या कडा टिपणारी. तिसऱ्या बाकावर कडेला कुणीतरी मोकळी जागा सोडली होती. तिच्यापलीकडे निळ्या सुटातला एक गलेलठ्ठ माणूस बसला होता, कार्यक्रमपत्रिकेने वारा घेत. प्रार्थना झाली, आठवणी झाल्या. एक नातू बोलताना हसला, मग रडला. पास्टरने तिच्याकडे पाहून मान हलवली. ती उठली. तीन पायऱ्या चढून माइकसमोर उभी राहिली. समोर कॅमेऱ्याचा लाल ठिपका होता. पडदा मागे होता आणि त्यावर आता काही नसावं, कारण सगळे तिच्याकडेच बघत होते. रविवारी असं कुणी बघितलं नव्हतं.

तिने ओळ दिली.

ती चांगली पडली. आवाज म्हातारा होता, पण नाकाच्या मुळातून निघाला आणि मागच्या भिंतीपर्यंत गेला. मग तो क्षण आला. लोक कौतुकाने बघत होते. कुणीतरी "आमेन" म्हणालं, छान झालं म्हणावं तसं. लोक पुढचं ऐकायला थांबले होते. त्यांना वाटत होतं, ही सुरुवात आहे, आता ही गाईल. ऑर्गनवाल्या पोरीला वाटलं बाई अडखळल्या, तिने घाईघाईने एक सूर धरला. एस्तेरने तिच्याकडे बघून मान हलवली, नको. सूर थांबला. आता नुसतं पत्रिकांचं फडफडणं उरलं. मागे कुठेतरी इला बसली होती आणि एस्तेरला न बघताही माहीत होतं की तिने डोळे मिटले आहेत. तिने तीच ओळ पुन्हा दिली. पुन्हा काही नाही. सोलो म्हण, तिच्या आतून कुणीतरी म्हणालं, अजून वेळ गेलेली नाही, म्हण आणि मोकळी हो. आणि मग तिला दिसलं की आपण सगळ्या चर्चकडे बघतच नाही आहोत. आपण तिसऱ्या बाकाकडे बघतो आहोत. पन्नास वर्षं तिने ओळ चर्चला दिलीच नव्हती. एका बाईला दिली होती. बाई घेई आणि बाईकडून चर्च घेई. देणारे काय, पुष्कळ मिळतात. बाप दुसरा मिळाला असता, सगुणाआत्या मिळाली नसती. घेणारी पेटीत होती, आणि तिच्या जागेवर कुणीच बसलेलं नव्हतं.

ती माइकसमोरून बाजूला झाली आणि पायऱ्या उतरू लागली. गुडघा दुखला. लोकांत कुजबुज झाली, कुणीतरी पाणी आणायला उठलं. मागून इलाचा आवाज आला, "आई?" ती थांबली नाही. ती तिसऱ्या बाकाशी आली आणि त्या मोकळ्या जागेवर बसली. निळ्या सुटातला माणूस दचकून सरकला.

पुढे आता कुणीच नव्हतं. पास्टर मार्कस उठून माइकपाशी गेला, खाली वाकून म्हणाला, "मदर एस्तेर, बरं नाही का वाटत?"

"मी बरी आहे," ती म्हणाली. "द्या."

त्याला कळलं नाही. मग कळलं. त्याच्या चेहऱ्यावर पोराची भीती आली, फळ्यासमोर उभं केल्यासारखी. त्याने मागे वळून कुणाला तरी खूण केली. त्याच्या डोक्यावर, भिंतभर, ती ओळ उमटली. पास्टरने ती वाचली. सरळ, स्पष्ट, शिकलेल्या माणसाने वाचावी तशी.

एस्तेरने ओळ घेतली. बसून, खालून, छातीच्या तळातून. देण्याचा आवाज वेगळा असतो आणि घेण्याचा वेगळा. हा आवाज तिने आजवर कधी वापरलाच नव्हता आणि तो कुठे चिरतो हे तिला माहीत नव्हतं. तो पहिल्याच वळणावर चिरला. तिने तो तसाच पुढे नेला. पहिले दोन शब्द ती एकटीच होती, आणि ते दोन शब्द फार लांब होते. मग शेजारच्या माणसाच्या पोटातून काहीतरी घरघरलं. त्याला चाल येत नव्हती. तो तिच्या मागे, अर्ध्या सुराने चुकत, तिच्या तोंडाकडे बघत येत होता. त्याच्यापुढच्या बाकावरच्या बाईने मान वळवून मागे पाहिलं आणि तिचे ओठ हलले. बाकीचं चर्च येतंय की नाही हे एस्तेरला इथून कळत नव्हतं. ते फक्त पुढे उभ्या असलेल्यालाच कळतं. आजवर सगुणाआत्या, ओडेसाबाई न कळताच गात आल्या होत्या, हे तिला आत्ता समजलं, आणि समजायला थांबायलाही वेळ नव्हता, कारण ओळ अजून संपायची होती.

ती संपली. पास्टरने पुढची दिली, या वेळी जरा कमी वाचून. एस्तेरने ती उचलली, लांबवली, मध्ये मोडली. तिला कुठे जायची घाई नव्हती. ओळीच्या मध्यावर तिने वर पाहिलं. पास्टरने तिसरी ओळ द्यायला तोंड उघडलं होतं. त्याने तिच्याकडे पाहिलं, तोंड मिटलं आणि थांबला.